गाडी लागणारे काका

लालबागच्या आमच्या इमारतीत कोणाला जुनी गाडी घ्यायची असली की तो माणूस आधी मेकॅनिककडे जात नसे, चौथ्या मजल्यावर काकांकडे जाई. काका आता नाहीत. पण सेकंडहँड गाडीचा विषय निघाला की अजूनही लिफ्टमध्ये कोणीतरी म्हणतंच, "काका असते तर एकदा बसवलं असतं त्यांना." बाहेरच्या माणसाला याचा काही बोध होत नाही. तो होण्यासाठी आधी काकांचं पोट समजून घ्यावं लागतं.

काकांना गाडी लागायची. तशी ती पुष्कळांना लागते, पण ते लोक आवळासुपारी तोंडात टाकून गप्प बसतात. काकांनी त्याचं शास्त्र केलं होतं. लहानपणी गावाला जाताना एसटीत खिडकीजवळची जागा त्यांची ठरलेली असे आणि त्यांच्या मागच्या खिडकीत शहाणा माणूस बसत नसे, हे त्यांनी स्वतःच मला मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं. काकू सांगायच्या की वरातीच्या दिवशी फुलांनी सजवलेल्या गाडीतून नवरदेव परळच्या नाक्यावर उतरले आणि पुढची वरातभर गाडीच्या बाजूने चालत आले. आत नवरी एकटी. "लोक मला खिडकीतून विचारत होते, नवरा रुसला काय गं?" हे सांगताना काकू अजूनही लाजायच्या.

असा माणूस जन्मभर विमा कंपनीत मोटार क्लेमच्या विभागात होता. लोकांच्या आपटलेल्या, चेपलेल्या, भिंतीवर चढलेल्या गाड्यांचे कागद त्यांच्या टेबलावरून गेले. पण स्वतःची गाडी त्यांनी कधी घेतली नाही, आणि बॉनेटखाली काय असतं हे त्यांना शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घ्यायची इच्छाही नव्हती. "पाहुण्याच्या घरी गेल्यावर आपण त्याचं कपाट उघडतो का?" असं ते विचारत. त्यांचा भरवसा पोटावर. गाडीचं काही बिनसलेलं असलं तर ते मालकाच्या आधी आपल्या पोटाला कळतं, असं त्यांचं ठाम मत होतं. आणि नवल म्हणजे, त्यांना जिच्यात मळमळलं ती गाडी पुढेमागे काहीतरी दुखणं काढायचीच. हे कसं व्हायचं ते मला विचारू नका.

त्यांची पद्धत ठरलेली. सकाळपासून पोटात फक्त कोरा चहा. गाडीत मागे डावीकडे बसायचं, काचा बंद, डोळे मिटलेले. शर्टाच्या खिशात घडी घातलेली पिशवी. प्लास्टिकवर बंदी आली तेव्हा आमच्या इमारतीत सगळ्यांत जास्त त्रागा काकांनी केला. कागदी पिशवीवर त्यांचा विश्वास बसायला बराच काळ जावा लागला. मग दादर, माहीम, शीव असा फेरा मारून परत लालबाग, आणि तोही उड्डाणपूल टाळून. "पुलावर कुठलीही गाडी चांगलीच चालते. खालून घे. खाली हिचे खरे गुण दिसतील."

हे सगळं शक्यतो पितृपक्षात. त्या पंधरवड्यात आपल्याकडे कोणी नवा चमचा घेत नाही, गाडी तर लांबच. सगळे दसऱ्याची वाट बघत बसतात. काका म्हणायचे, "नवरात्रात गाडी पार्लरमधून आलेली असते आणि मालकाला बोलायला फुरसत नसते. पितृपक्षात तीच गाडी धूळ खात उभी असते. मालकाकडे कुत्रं फिरकत नाही. अशा वेळी कोणी आपुलकीने विचारलं की तो खरं बोलून जातो." घ्यायची दसऱ्याला, पण बघायची पितृपक्षात.

आणि विचारायचं काय? किती किलोमीटर पळाली हे काकांनी कधीच विचारलं नाही. त्यांचा प्रश्न एकच असायचा. "ही कुठे बंद पडली होती?" समोरचा म्हणाला, "कधीच नाही," की काका उठून चपला शोधू लागत. कधीच बंद न पडलेली गाडी एक तर नवी असते किंवा तिचा मालक खोटारडा असतो, आणि आपण नवी बघायला आलेलो नाही, असा त्यांचा हिशेब.

तिसऱ्या मजल्यावर एक जिमवाला राहायचा. त्याच्या मनात एक परदेशी बनावटीची काळी लांबलचक गाडी भरली होती. वांद्र्याला कुठल्याशा डीलरकडे ती बघायला तो काकांना घेऊन गेला आणि काकूंनी मला बरोबर पाठवलं, कारण काकांना कोणीतरी घरी परत आणायला हवं. डीलर म्हणाला, "अंकल, ये गाडी आज तक कभी बंद पडीच नहीं." काकांनी पायाकडे बघितलं, पण चपला पायातच होत्या, आणि जिमवाल्याचं मन मोडवेना म्हणून ते मागे बसले. पहिल्याच सिग्नलला म्हणाले, "दार उघड."

"लागली काय काका?" जिमवाल्याने विचारलं.

"अजून नाही. लागणार आहे. तुम्ही व्हा पुढे, मी चालत येतो."

आणि आले ते वांद्र्याहून लालबागपर्यंत चालत. मी अर्ध्या वाटेत बस पकडली. जिमवाल्याने गाडी घेतलीच. "काकांचं पोट जुन्या जमान्याचं आहे रे, इम्पोर्टेड सस्पेन्शन त्याला कळत नाय," असं तो सगळ्यांना सांगत सुटला. पुढच्या गणपतीत ती गाडी गल्लीच्या तोंडाशी अशी काही बंद पडली की दर्शनाच्या रांगेतल्या लोकांनी ती ढकलली. रांग तशीही सरकत नव्हती, त्यामुळे माणसांना तोटा नव्हता. काका वरून खिडकीतून बघत होते. हसले मात्र नाहीत. खाली जाऊन त्यांनी जिमवाल्याच्या हातात चहाचा ग्लास दिला आणि म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नको. आता कोणी विचारलं तर तुला सांगायला जागा झाली. विकायला सोपी जाईल."

असे काका. आम्ही त्यांना हसायचो, आणि त्यांच्याशिवाय गाडी घ्यायचो नाही. माझ्यावर वेळ आली तेव्हा मात्र हसण्यासारखं काही नव्हतं.

माझी आई माहीमच्या शाळेत शिक्षिका होती. मूळची मालवणकडची, आवाज करडा, मान ताठ. पक्षाघाताने तिची डावी बाजू गेली, आणि पुष्कळ व्यायामानंतर ती एवढीच सुधारली की मला धरून क्षणभर उभी राही आणि चाकांच्या खुर्चीत बसे. घरात तेवढ्यावर भागत होतं. पण बाहेर जायचं तर टॅक्सी, आणि टॅक्सीत बसवायचं तर दोघांनी उचलायचं. एकदा तपासणीला जाताना वॉचमन आणि टॅक्सीवाल्याने तिला भर रस्त्यात उचललं. साडी वर गेली, चप्पल खाली पडली, बघे थांबले. घरी परत आल्यावर ती म्हणाली, "परत माका कोणी उचलूचा नाय."

त्यानंतर ती उंबऱ्याबाहेर पडली नाही. डॉक्टर घरी यायचे. सख्ख्या भाचीचं लग्न तिने फोनवर बघितलं. मी चिडले, विनवण्या केल्या, एकदा तर तिच्यासमोर रडले. तिने पेपर उघडला आणि शब्दकोडं सोडवायला घेतलं.

अशात ऑफिसातल्या मैत्रिणीने मला त्या गाडीबद्दल सांगितलं. हिंदू कॉलनीतले एक गृहस्थ जपानला नोकरीत होते आणि परत येताना तिथली आपली गाडी घेऊन आले होते. तिच्यात ड्रायव्हरशेजारची सीट बटण दाबलं की दाराकडे वळायची, दारातून बाहेर यायची आणि अलगद खाली उतरायची. आजारी वडिलांसाठी त्यांनी ती घेतली होती. वडील गेले, गृहस्थांना पुन्हा तिकडेच नोकरी मिळाली, आणि ते मंगळवारी निघणार होते. एक ट्रॅव्हल्सवाला गाडीच्या मागे लागला होता. तो ती सीट काढून साधी बसवणार होता.

सगळ्या शहाण्या माणसांनी मला वेड्यात काढलं. मामा म्हणाला, "इम्पोर्टेड, तीपण जुनी? एक नट पडला तर जपानला जाशील आणायला?" तो काही खोटं बोलत नव्हता. रस्त्यात ती सीट अडकली, आई अर्धी बाहेर राहिली आणि पुन्हा चार माणसांनी धावत येऊन तिला उचललं, तर ती मला कधीही माफ करणार नव्हती. आणि गाडी सोडून दिली, तर ती त्या खोलीतच राहणार होती. मी चौथ्या मजल्यावर गेले.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. "पितृपक्ष चालू आहे, हे एक बरं आहे," एवढंच म्हणाले.

रविवारी मालकांनी दुपारी बाराला बोलावलं होतं. आम्ही चालत निघालो, कारण परीक्षेच्या आधी पोट दुसऱ्या गाडीने बिघडवायचं नाही. दार एका आजींनी उघडलं. काकांचा परीटघडीचा पांढरा शर्ट, पिकलेले केस बघून त्या म्हणाल्या, "या, या. किती उशीर केलात. पाय धुऊन घ्या, पानं मांडलीच आहेत." काकांनी मुकाट्याने पाय धुतले आणि पाटावर बसले. मलाही बसवलं.

मग मला भिंतीवरचा हार घातलेला फोटो दिसला. त्या घरी श्राद्ध होतं. ते बारापर्यंत आटोपेल असा मालकांचा अंदाज होता, पितरांच्या जागी जेवायला गुरुजी कोणा गृहस्थांना पाठवणार होते आणि आजींनी ते गृहस्थ म्हणजे काकाच असं धरलं होतं, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच कळलं की आपण चुकीच्या पानावर बसलो आहोत. मालक आत सोवळ्यात होते. मी काकांना खूण करेपर्यंत त्यांच्या पानात खीर, वडे, अळूचं फदफदं आणि कारल्याची भाजी येऊन पडली होती. सकाळपासून कोऱ्या चहावर असलेला माणूस. काका माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "माणसं फार चांगली आहेत. गाडी बघायला आलेल्याला एवढं करतात."

त्यांचा कितवा वडा चालू होता कोण जाणे, तेवढ्यात बेल वाजली आणि दारात छत्री घेतलेले एक गृहस्थ. गुरुजींनी पाठवलेले. आजींनी त्यांच्याकडे बघितलं, मग काकांकडे.

"मग तुम्ही कोण?"

"मी गाडी बघायला आलोय," काका म्हणाले. त्यांचा वड्याचा हात तसाच राहिला होता आणि कान लाल झाले होते. ते उठायला लागले तशा आजी पुढे झाल्या.

"बसा. भरल्या पानावरून उठू नका. पोट भरलं का?"

"भरलं. वडे फार सुरेख झालेत."

"मग ह्यांनाही पोचलं," आजी फोटोकडे बघत म्हणाल्या आणि आत वळून सुनेला हाक मारली, "अगं, आणखी एक पान घे."

जेवणं आटोपली, त्या गृहस्थांची दक्षिणा झाली आणि मालक गाडीची चावी घेऊन खाली गेले. जिन्यात काकांनी मला थांबवलं. "आज परीक्षा व्हायची नाही. भरल्या पोटाची साक्ष धरता येत नाही."

"काका, तो ट्रॅव्हल्सवाला उद्या येणार आहे."

काकांनी पोटावरून एकदा हात फिरवला. "चल," म्हणाले.

मालक चालवत होते, मी पुढे त्या वळणाऱ्या सीटवर, काका मागे डोळे मिटून. शीव सर्कलच्या अलीकडे मागून बारीक आवाज आला, "थांबवा." काका पिशवी घेऊन उतरले आणि एका झाडाआड गेले. पुढचं सांगत नाही. पितरांना पोचलेलं बरंचसं परत आलं, एवढं समजा.

मी फुटपाथवर उभी होते आणि मला रडू येत होतं. काकांच्या शास्त्रात गाडी लागली म्हणजे विषय संपला. आईचा उंबरा, आईचं शब्दकोडं, सगळं डोळ्यांसमोर आलं. मालक बिचारे ओशाळून उभे. काकांनी शेजारच्या टपरीवर लिंबूसोडा घेतला आणि घोट घोट पीत ते गाडीकडे बघत राहिले. ग्लास संपल्यावर त्यांनी मला विचारलं, "बाई मागे बसणार आहेत का?"

"आई? नाही, पुढेच. ती सीट पुढेच आहे ना."

"मग मी मागे बसून काय बघत होतो?" काका स्वतःवरच वैतागले होते. "जन्मभर मागच्या माणसाची बाजू घेत आलो. आजची गाडी पुढच्या माणसाची आहे. तू मागे जा."

ते पुढे बसले. डोळे मिटले आणि डावा हात उचलून मांडीवर निर्जीव ठेवून दिला, आई ठेवते तसा. आईची काळजी करणारे पुष्कळ होते. तिच्या जागी जाऊन बसलेलं मी त्या दिवसापर्यंत कोणाला पाहिलं नव्हतं. धारावीतून माहीम, माहीमहून दादर, जिथे जिथे खड्डा होता तिथे तिथे काकांनी गाडी न्यायला लावली. डाव्या हाताला त्यांनी एकदाही हलायची परवानगी दिली नाही. परत हिंदू कॉलनीत आलो तेव्हा त्यांचा चेहरा जेवायच्या आधी होता तसा दिसत होता.

मग त्यांनी सीटचा पिच्छा पुरवला. बाहेर या, आत जा, पुन्हा बाहेर. डावा हात, डावा पाय दोन्ही गेल्यासारखे. मालकांनी मदतीला हात पुढे केला की ते ओरडायचे, "हात लावायचा नाही." कॉलनीतले लोक गॅलरीत जमले. "डावा पाय दाराला घासतो," त्यांनी मला सांगितलं. "तो आधी उजव्यावर टाकून घ्यायला शिकव बाईंना."

शेवटी आजी खाली आल्या. काका त्या सीटवरच बसलेले, अर्धे रस्त्यावर. त्यांनी विचारलं, "आजी, ही कुठे बंद पडली होती?"

"शिवाजी पार्कला, कट्ट्यासमोर," आजी ताबडतोब म्हणाल्या. "ह्यांना बाहेर काढलं आणि सीट आत जाईचना. हे आपले शहाळं पीत बसले. पोलीस आला, म्हणाला, गाडी हलवा. हे म्हणाले, मीही तिला तेच सांगतोय." आजींना हसू आवरेना. "मग सुनेने खालचा दांडा फिरवून फिरवून सीट आत घेतली. दोन दिवस खांदा धरून बसली होती बिचारी."

"आणि त्यांना?" काका म्हणाले. "त्यांना कोणी उचललं?"

"छे हो. कोणी हात नाही लावला. बसल्या बसल्या आत आले."

काकांनी माझ्याकडे बघितलं. "घे," म्हणाले.

पैसे मी सोमवारीच दिले आणि दसऱ्याला गाडी आमच्या दारात आली. झेंडूचं तोरण, आंब्याचे डहाळे, सगळं झालं. आई वरून खिडकीतून बघत होती. खाली यायला तयार नव्हती. "माका कोण उचलतलो?" एवढंच. मी वर तिच्याशेजारी उभी राहून कितीही सांगितलं तरी तिचा विश्वास बसेना. तेव्हा काका पुढे झाले. भर दसऱ्याला, नवा सदरा घालून, अख्ख्या इमारतीसमोर ते डावा हात लोंबकळवत त्या सीटवर बसले, आत गेले, बाहेर आले, पुन्हा आत गेले. पोरं टाळ्या वाजवायला लागली. जिमवाला फोनवर चित्रण करत होता. काका मात्र कोणाकडे बघत नव्हते, नजर दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या खिडकीकडे. आई आधी कपाळाला आठ्या घालून बघत होती. मग कितीतरी महिन्यांनी मी तिला मोठ्याने हसताना ऐकलं.

"त्यांका सांग, आता पुरे," ती म्हणाली. "येतंय मी."

त्या दिवशी तिने गाडीतून गल्लीला एक चक्कर मारली आणि दुसऱ्या दिवशी कुठे जायचं ते सांगितलं. देवळात नको, समुद्रावर नको. माहीमच्या बाजारात. शाळा सुटली की ती रोज जिच्याकडून मासे घ्यायची, त्या कोळणीकडे. "भावोजींका पण घे," म्हणाली. काका मागे बसले, पिशवी हातात धरून, आणि बाजार जवळ आला तसा वास सुरू झाल्यावर त्यांनी नाकाला रुमाल लावला, पण उतरतो म्हणाले नाहीत.

मी टोपल्यांच्या कडेला गाडी लावली. आईने उजव्या हाताने डावा पाय उचलून उजव्यावर घेतला. बटण मला दाबू दिलं नाही, स्वतः दाबलं. सीट वळली, बाहेर आली आणि हळूहळू खाली उतरत थेट कोळणीच्या टोपलीसमोर थांबली. दोघी समोरासमोर, एका उंचीवर. कोळणीने हातातला कोयता खाली ठेवला.

"अगो बाई, मास्तरीनबाई! कवाधरनं दिसल्या नाय. कुठं व्हत्या एवढे दिवस?"

"गाडीच गावत नव्हती गो," आई म्हणाली, आणि हात पुढे करून तिने सरंग्याचा कल्ला उघडून बघितला.